मार्गदर्शक शिक्षकाचा रकाना

बोरटेकच्या श्री जानाई विद्यालयात पाहुणा आला की त्याला आधी चहा मिळतो आणि मग फलक दाखवला जातो. व्हरांड्यात, ऑफिसच्या दाराला लागून, चांगला सात फुटी काळा लाकडी फलक आहे. वर ठळक पांढऱ्या अक्षरांत 'शाळेचे मानकरी' आणि खाली पाच रकाने: वर्ष, विद्यार्थ्याचे नाव, खेळ, कामगिरी, मार्गदर्शक शिक्षक. पहिल्या चार रकान्यांत दर ओळीला काही ना काही बदलतं. पाचव्यात बदलत नाही. तिथं वरपासून खालपर्यंत एकच नाव आहे, श्री. अण्णाराव टेकाळे.

आणि हे सगळं लिहिलंय कुणी? तर अण्णाराव टेकाळे सरांनीच. त्यांच्या अक्षराला भूम तालुक्यात तोड नव्हती. निवडणूक आली की मतदान केंद्राची पाटी तेच लिहीत, ईट गावच्या बाजारातल्या दोन किराणा दुकानांची नावंही त्यांच्याच हातची. खेळाचं म्हणाल, तर सर एकोणतीस वर्षं खेळाचे शिक्षक होते आणि एवढ्या वर्षांत त्यांना पळताना गावानं एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या चिंचेवरचं मोहोळ उठलं तेव्हा. बाकी सगळा कारभार गळ्यात शिट्टी घालून खुर्चीवरून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पोरं आपली आपण शिकत, आपली आपण जिंकून येत, आणि सर वर्षाच्या शेवटी ब्रश घेऊन ओळ भरत. यात आपण काही वावगं करतो, असं सरांना कधी वाटलं नाही. सगळ्याच शाळांत असं चालतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती फारशी चुकीची नव्हती.

वाटलं ते यंदा, निवृत्तीला सात महिने उरलेले असताना.

मेंढरं राखणाऱ्या गोरोबाची थोरली पोरगी राजेश्वरी देशाच्या महिला फुटसल संघात निवडली गेली. फुटसल म्हणजे काय, हे गावात एकालाही सांगता येईना. सरपंच हिंमतराव शाळेच्या संस्थेचेही अध्यक्ष होते, म्हणजे गावात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. त्यांनी सरांना बोलावून विचारलं, "सर, हे फुटबॉलच म्हणायचं ना?"

"त्यातलाच प्रकार हाय," सरांनी ठोकून दिलं आणि घरी जाऊन मोबाइलवर वाचलं. एका बाजूला पाच जण. छपराखालचं लहान मैदान, जमीन कडक आणि गुळगुळीत. चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा, त्यामुळं तो पायाच्या तळव्यानं दाबून फिरवावा लागतो. सरांनी वाचलं आणि मोबाइल उशाशी ठेवून दिला. यातलं एक वाक्य पुढं आपल्याच गळ्याशी येणार आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

देशाचा हा संघ अगदी नवा होता. परदेशात, एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तो पहिल्यांदाच उतरला होता, आणि समोर असे देश होते जिथं पोरी चालायला लागल्या की फुटसल खेळतात. पहिला सामना शून्य विरुद्ध सात असा गेला. दुसरा एक विरुद्ध पाच. तिसरा सामना शाळेच्या संगणक खोलीतल्या मोठ्या पडद्यावर सगळ्या गावानं पाहिला. गोरोबा पटका काढून मांडीवर ठेवून अगदी पुढं बसला होता. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, पण निळ्या कपड्यांतल्या पाच पोरींतली आपली कोणती, हे त्याला चालण्यावरून कळत होतं.

तो सामना शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत दोन-दोन होता. राजेश्वरी मागं राहून राखण करत होती. आणि तेवढ्यात समोरची एक पोरगी तिला चकवून निघाली आणि राजेश्वरीनं तिला पाय घातला. फुटसलमध्ये सामन्याच्या एका अर्ध्यात संघाचे पाच फाउल कसेबसे खपतात. सहावा झाला की समोरच्याला दहा मीटरवरून मोकळी किक मिळते आणि मध्ये भिंत म्हणून कुणाला उभं राहता येत नाही. राजेश्वरीचा तो फाउल सहावा होता. गोल झाला. दोन विरुद्ध तीन. पडद्यावर राजेश्वरी कमरेवर हात ठेवून खाली बघत उभी राहिलेली दिसली आणि मग तिच्यावरून चित्र निघून गेलं.

संगणक खोलीत गोरोबानंच पहिल्यांदा विचारलं, "हारली व्हय?"

"हारली," कुणीतरी म्हणालं.

"पर पळत तर व्हती," गोरोबा म्हणाला आणि पटका डोक्याला गुंडाळू लागला.

हिंमतराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. "हारली तर हारली, इमानात तर बसली! आपल्या बोरटेकचं कोन बसलंय?" असं म्हणून त्यांनी जागच्या जागी सत्कार जाहीर केला. दोन दिवसांत फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर राजेश्वरीपेक्षा हिंमतरावांचा फोटो मोठा होता आणि खाली 'आंतरराष्ट्रीय स्पर्धा गाजवणारी बोरटेकची कन्या' असं छापलं होतं. सरांना निरोप आला: सत्काराच्या आत फलकावर ओळ आली पाहिजे. सरांनी ओळीसाठी खडूच्या रेघा आखल्या, पण पावसाळी हवा होती, रंग वाळेना, म्हणून सत्कारानंतर लिहायचं ठरलं. ही हवा सरांना नंतर लई आठवली.

सत्कार शाळेच्या शेडमध्ये झाला. प्रार्थनेसाठी बांधलेली ही शेड. वर पत्रे, तीन बाजूंना भिंती, खाली शहाबादी फरशी. राजेश्वरी निळ्या ट्रॅकसूटमध्ये आली होती. हिंमतरावांचं भाषण पाऊण तास चाललं. त्यात ती दोनदा जगज्जेती झाली आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग माइक तिच्या हातात आला.

"आमी जिंकलो न्हाय," ती म्हणाली. "तीन सामने खेळलो, तिन्ही हारलो. तीन गोल केले, पंधरा खाल्ले. शेवटचा माझ्यामुळं खाल्ला." हिंमतराव खुर्चीत अवघडले. "पर म्या तिथवर कशी गेले, ते सांगते. आमी आठवीत असताना सरांनी आमाला या शेडमध्ये खेळायला लावलं. याच फरशीवर. आन् बॉल दिला तो फुसका. कितीबी मारा, उसळायचाच न्हाय. पुढं पुण्याला कॅम्पात गेल्यावर कळलं, फुटसलचा बॉल तसाच असतो, आन् मैदान बी असंच. बाकीच्या पोरींना महिना महिना बॉल सापडत नव्हता. मला पहिल्या दिवशी सापडला. सरांमुळं."

शेड टाळ्यांनी दणाणली. लोक मागं वळून सरांकडं बघू लागले. हिंमतरावांनी हात जोडून सरांना उभं केलं, स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि माइकवरून ओरडले, "दहा वर्सं आधी वळखलं सरांनी! याला म्हनत्यात नजर!"

सर उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस नुसतं म्हणतो. सरांना ते त्या दिवशी खरोखरच हवं होतं.

कारण त्या फुसक्या चेंडूची गोष्ट सरांना चांगली ठाऊक होती.

दहा वर्षांपूर्वी शाळेला सरकारी योजनेतून सहा नवे फुटबॉल आले होते. सरांनी त्यांची नोंद साठ्याच्या रजिस्टरात केली आणि ते प्लास्टिकसकट लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. शाळेतली रीतच अशी. तपासणीला साहेब आले की रजिस्टर उघडतात आणि वस्तू मोजतात. वस्तू फाटली, झिजली, की कारण लिहावं लागतं, वर सह्या घ्याव्या लागतात. न वापरलेल्या वस्तूला कसलंच कारण लागत नाही. म्हणून नवीन वस्तू ही तपासणीसाठी असते आणि पोरांसाठी जुनी, हे सरांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं. आणि एक दिवस पाच पोरी ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सर, आमाला बी बॉल द्या." सर पेपर वाचत होते. त्यांनी वर न बघता, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी टेकवून ठेवलेला एक पंक्चर चेंडू पायानंच त्यांच्याकडं लोटला. "हा घ्या. आन् मैदानात येऊ नका, पोरांचं क्रिकेट चाललंय. शेडमध्ये मरा जाऊन."

एवढंच. हीच ती नजर. दहा वर्षं आधी ओळखणारी.

सत्काराला आठवडा झाला, तरी फलकावरची ओळ कोरीच राहिली. सर रोज रंगाची डबी उघडत, ब्रश बुडवत आणि काही ना काही निमित्त काढून पुन्हा झाकण लावत. कधी प्रकाश नाही, कधी ब्रशचे केस गळतात. घरी त्यांची बायको अयोध्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगे, "यांनी बोलून दाखवलं न्हाय कदी, पर यांना तवाच ठाऊक व्हतं." सर ते ऐकून आतल्या खोलीत जात. खाई त्याला खवखवे. दुकानात कुणी "या सर, बसा" म्हणालं, तरी त्यांना ते टोमण्यासारखं वाटे, आणि टोमणा नाही हे कळलं की जास्तच मेल्यासारखं होई. खरं तर कुणी त्यांच्यावर आळ घेतला असता, तर त्यांनी तावातावानं भांडून घेतलं असतं. पण इथं सगळं गाव त्यांना चांगलं म्हणत होतं. त्याच्याशी भांडायचं कसं?

आणि तशात गोरोबा आला.

सकाळची वेळ होती. सर अंगणात दात घासत होते. गोरोबा दाराबाहेर पायताणं काढून आत आला, त्याच्या खांद्यावर नवी कोरी काळी घोंगडी होती. ती त्यानं सरांच्या ओट्यावर घडी करून ठेवली.

"घरच्या लोकरीची हाय," तो म्हणाला. "दोन वर्साची लोकर साठवली. पोरीच्या लग्नात जावयाला द्यायची म्हून इणून घेतली व्हती. पर जावई कवा यील तवा यील. आदी तुमी."

"अरे गोरोबा, कशाला?" सरांच्या तोंडात पेस्टचा फेस होता. त्यांना धड बोलताही येईना.

"कशाला काय? आमी जनावरामागची मानसं. पोरगी सांगायची, सरांनी बोलिवलंय, सरांनी धाडलंय. म्या म्हनायचो, मास्तर सांगतो त्ये इचार करूनच सांगत आसंल. दुसऱ्या कुनी सांगितलं आसतं तर म्या पोरीला गावाच्या भाईर पाय टाकू दिला नसता सर. खरं सांगतो." गोरोबानं घोंगडीवरून हात फिरवला. "आता धाकटी बी मागं लागलीया. मोनिका. आठवीत हाय. तिची आई न्हाय म्हनती, एक गेली तेवढी बास म्हनती. पर म्या म्हनलं, सरांच्या हाती देतो. सर आसतील तर जाऊ दे, न्हाय तर न्हाय. उद्यापरवा पाठवू का सकाळच्याला?"

सरांनी चूळ भरली. ही वेळ होती. गोरोबा, तो चेंडू दार टेकवायचा होता रे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी तोंड पुसलं.

"पाठव," ते म्हणाले.

गोरोबा गेल्यावर अयोध्याबाईंनी घोंगडी उलगडून पाहिली आणि सरांच्या अंगावर टाकली. लोकर चांगली मऊ निघाली होती. सरांनी ती झटकन काढून खाली ठेवली.

त्याच दिवशी दुपारी राजेश्वरी शाळेत आली. तिला दुसऱ्या दिवशी पुण्याला कॅम्पला जायचं होतं, त्याआधी फलक बघायला ती आली होती. व्हरांड्यात कुणी नव्हतं, वर्ग चालू होते. सर स्टुलावर बसून कोऱ्या ओळीकडं बघत होते.

"अजून लिहिलं न्हाय सर?"

"हिंमतराव म्हणतात, 'आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चमकदार कामगिरी' असं लिहा," सर म्हणाले.

"चमकदार कशाला? जे झालं ते लिहा. सामने तीन, विजय शून्य, पराभव तीन. गोल केले तीन, खाल्ले पंधरा." तिनं बोटानं फलकावर जागा मोजली. "बसंल की एका ओळीत. तुमचं अक्षर बारीक येतं."

"लोक हसतील."

"हसू द्या. म्या आठ दिवस तोंड लपवून बसले होते सर. सत्काराला बी येणार नव्हते. माझ्या एका पायामुळं आख्ख्या देशाच्या नावापुढं तिसरा पराभव लागला, ते काय चमकदार म्हटल्यानं पुसलं जातंय व्हय? आता जे हाय ते हाय. पुढच्या ओळीत जरा बरं लिहायला मिळावं म्हणून तर जाते."

सरांना ते ऐकवेना. बावीस वर्षांची पोर आपली हार सगळ्या गावासमोर मोजून सांगत होती, पुन्हा ती ऑइलपेंटमध्ये लिहून मागत होती. आणि आपल्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी एक साधं वाक्य बोलता येत नाही. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"राजेश्वरी, तो फुसका बॉल म्या मुद्दाम दिला नव्हता."

ती फलकावरून नजर काढून त्यांच्याकडं वळली.

"नवे होते कपाटात. सहा होते. ते द्यायचे नव्हते म्हणून तो दिला. शेडमध्ये धाडलं ते तुमची ब्याद टळावी म्हणून. फुटसल हा शब्द म्या गेल्या महिन्यात पयल्यांदा ऐकला. मला काय बी ठाऊक नव्हतं. तुझं नाव बी तेव्हा ठाऊक नव्हतं." त्यांनी रंगाच्या डबीचं झाकण लावून टाकलं. "म्या तुला काय बी शिकवलं न्हाय."

राजेश्वरी फलकाला पाठ टेकून उभी राहिली.

"ठाऊक हाय सर," ती म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"चार पांढरे आन् दोन पिवळे. ऑफिसच्या मागच्या खिडकीतनं दिसायचे. तेव्हा कुलूप लावलं तरी त्या कपाटाचं एक दार फटीनं उघडं राहायचं. मधल्या सुट्टीत आमी पाळीपाळीनं बघायला जायचो. एक जण खाली ओणवी व्हायची, दुसरी तिच्या पाठीवर उभी राहायची."

सरांना वाटलं, हिनं त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ऑफिसची ती खिडकी त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागं होती. ते पेपर वाचत असायचे, तेव्हा मागं पोरी पाठीवर पाय देऊन चढत होत्या.

"मग त्या दिवशी माइकवर तसं का बोललीस?"

"आबा समोर बसले होते ना," ती म्हणाली. "सर, म्या रोज सकाळी घरी काय सांगायचे म्हायतीय? सरांनी बोलावलंय. मेंढरं सोडायच्या वक्ताला पोरगी घरातनं निघाली की आबा इचारणारच. सरांचं नाव घेतलं की गप बसायचे. बार्शीला कॉलेजात जाताना बी तेच सांगितलं, पुण्याला जाताना बी तेच. तुमी एकदा बी बोलावलं नव्हतं. तुमचं नाव म्या इतकी वर्सं वापरलं, तुमाला न इचारता. त्याचे आभार मानले म्या. लई उपेगी पडलं."

हे ऐकून सरांना हलकं वाटायला हवं होतं. कबूल केलं, तिनं ऐकून घेतलं, वर रागावलीही नाही. पण त्यांना उलट जास्त लाज वाटली. आपल्या नावाचा उपयोग झाला आणि त्यात आपण कुठं नव्हतो, हे त्यांना आत्ता नीट कळलं. ते स्टुलावरून उठले.

"म्या आजच गोरोबाला खरं सांगतो. घोंगडी बी परत देतो. आन् या रकान्यात नाव न्हाय घालत. रेघ मारतो."

"मोनिकाचं काय मग?"

सर पुन्हा स्टुलावर बसले.

"आबा तिला तुमच्याच हाती देणार हायत. दुसऱ्या कुणाच्या न्हाय. तुमी आबांना खरं सांगाल, तुमी मोकळे व्हाल सर. ती घरी बसंल." राजेश्वरीच्या आवाजात आता पहिल्यांदा धार आली. "दोन वर्सांत तिचं लग्न लावतील. जे सांगायचं ते तुमी मला सांगितलं, बास झालं. आता तुमचं नाव लिहा. वरच्या सगळ्या ओळींत लिहिलंय तसं पुरं लिहा. आन् मग जरा येत जावा सकाळी. तेवढं करा."

ती निघून गेली. जाताना वाकून पाया पडली, आणि पाया पडताना ती मनापासून पडली की रिवाज म्हणून, हे सरांना ओळखता आलं नाही.

सरांनी ब्रश उचलला. वर्ष लिहिलं. राजेश्वरी गोरोबा, असं तिनं संघाच्या कागदावर लिहिलं होतं तसंच नाव लिहिलं. खेळ, फुटसल. कामगिरीच्या रकान्यात बारीक अक्षरांत आकडे भरले. सामने ३, विजय ०, पराभव ३, गोल ३ विरुद्ध १५. हे आकडे मोत्यासारखे आले. मग पाचवा रकाना. 'श्री.' लिहिलं आणि हात थांबला. या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव चाळीसएक वेळा तरी लिहिलं असेल, एकदाही जड गेलं नव्हतं. वरच्या सगळ्या ओळी त्यांच्याकडं बघत होत्या. लांब उडीचा शिवशंकर, पाच हजार मीटरचा बसवेश. यांना तरी आपण काय शिकवलं होतं? लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू शिवशंकर स्वतः ओढ्यावरून घमेल्यानं आणायचा, हे सरांना आत्ता आठवलं.

त्यांनी नाव पुरं केलं. अक्षर तिरकं आलं, 'ळे'चा शेवट खाली ओघळला. संध्याकाळी हिंमतराव येऊन बघून गेले. पराभवाचे आकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण राजेश्वरीनंच असं लिहायला सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी ते सोडून दिलं. "नावाचा रंग तेवढा ओघळलाय सर, पुसून पुन्यांदा लिवा," एवढं म्हणाले. सरांनी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर साडेसहालाच शाळेत आले. पायात नवे पांढरे बूट होते, जावयानं दिवाळीला दिलेले आणि अजून डब्यातच असलेले. शेडमध्ये मोनिका आणि तिच्याबरोबर आणखी सहा पोरी आधीच येऊन बसल्या होत्या. मोनिका थोरलीसारखीच काटक, वेण्या वर बांधलेली. सरांना बघून पोरी गडबडीनं उभ्या राहिल्या. सर सकाळी येतात, हे त्यांनी घरी सांगितलं होतं, पण त्या सांगण्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बसा, बसा. आज नवीन बॉल काढतो," सर म्हणाले.

लोखंडी कपाटाचं कुलूप गंजलं होतं, ते उघडायला वेळ लागला. सहाही चेंडू होते तसेच होते, चार पांढरे, दोन पिवळे. वरचं प्लास्टिक पिवळं पडून हात लावताच तुटायला लागलं. सरांनी चेंडू कवेत धरून शेडमध्ये आणले आणि पंप लावून पहिल्या चेंडूत हवा भरायला सुरुवात केली. पोरी गोल करून बघत होत्या. चेंडू थोडा फुगला, मग शिवणीपाशी कातडं पापडासारखं तडकलं आणि हवा सूं करून निघून गेली. दुसरा घेतला. त्याच्या आतलं रबरच विरून गेलं होतं. तिसरा, चौथा. सरांना घाम आला. दहा वर्षं जपलेल्या सहा चेंडूंपैकी एकानंही हवा धरली नाही, आणि पोरी प्रत्येक चेंडूची वाट बघत राहिल्या.

शेवटचा पिवळा चेंडू हातात घेऊन सर तसेच उकिडवे बसून राहिले. मान वर करायची त्यांची छाती होईना.

"राहू द्या सर," मोनिका म्हणाली. तिला त्यांची कीव आली असावी. "आमाला फुसक्याचीच सवय हाय."

तिनं शेडच्या कोपऱ्यातून, पत्र्याच्या तुकड्याखाली दडवून ठेवलेला एक बसका, काळवंडलेला चेंडू काढला. बाकीच्या पोरी पटापट आपापल्या जागी पांगल्या. मोनिकानं चेंडू पायाच्या तळव्याखाली दाबला, इकडून तिकडं फिरवला आणि सरांकडं सरकवला. शहाबादी फरशीवरून तो जराही न उसळता आला आणि सरांच्या पांढऱ्या बुटापाशी थांबला. सर उठून उभे राहिले. सातही पोरी त्यांच्याकडं बघत होत्या. चेंडू परत कसा द्यायचा, हे सरांना ठाऊक नव्हतं.